गुडघ्यातली अक्कल

आपल्या भाषेत एखाद्याला मूर्ख म्हणावयाचे झाले, की ‘त्याची अक्कल गुडघ्यात आहे’ असे आपण म्हणतो. डोके ही बुद्धीची जागा आणि गुडघा ही तिच्यासाठी सर्वांत नालायक जागा, असा त्यातला हिशेब. परंतु ज्या गावात हजारो माणसे भर उन्हात शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून बावीस जणांच्या गुडघ्यांकडे श्वास रोखून पाहतात, त्या गावाने तरी हा वाक्प्रचार जपून वापरावयास हवा. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे ज्यांच्या घरी देवादिकांच्या नावांइतकी सहज तोंडी येतात, त्या श्रोत्यांपुढे फुटबॉलची थोरवी सांगण्याचे कारण नाही. मला विचारावयाचे आहे ते असे, की खेळणाऱ्या पोराला बुद्धी लागते काय, लागत असल्यास ती कोणत्या जातीची, आणि ती मोजण्याचा ज्यांनी ज्यांनी प्रयत्न केला त्यांच्या हाती काय आले?

हा विषय मी का घ्यावा, असे कोणी विचारील. मी मानसशास्त्राचा पदवीधर नव्हे. माझी शाळा नववीतच सुटली. पुढचे जे काही वाचन झाले ते करवीर नगर वाचन मंदिरासारख्या ग्रंथालयांच्या कृपेने आणि युनियनच्या कचेरीत रात्री जागून. पण माझे आयुष्य शिरोलीच्या आणि उद्यमनगरच्या फौंड्रीतल्या माणसांत गेले, आणि तेथे ‘डोक्याचे काम’ व ‘हाताचे काम’ हे दोन शब्द रोज कानी पडतात. पगाराचा तक्ता या दोन शब्दांवरच उभा असतो. कसलेला मोल्डर मूठभर वाळू हातात दाबतो आणि ती ओली जास्त आहे की कोरडी हे क्षणात सांगतो. एका कारखान्याने बढतीसाठी अशा लोकांची लेखी ‘कल चाचणी’ घेतली होती. त्रिकोणातून चौकोन वजा करण्याच्या प्रश्नांत माझे वीस-वीस वर्षांचे अनुभवी मोल्डर नापास झाले आणि ज्यांनी भट्टी कधी लांबूनही पाहिली नव्हती असे चार तरुण त्यांचे मुकादम झाले. तेव्हापासून बुद्धी मोजण्याची फूटपट्टी कोणी बनवली आणि कशासाठी बनवली, याचा शोध घेण्याचा मला नादच लागला. तो शोध घेता घेता मी फुटबॉलच्या मैदानावर कसा पोहोचलो, ते आता सांगतो.

ही फूटपट्टी मूळची पॅरिसची. शाळेत मागे पडणारी मुले हुडकून त्यांना निराळी मदत कशी देता येईल याचा विचार करण्यासाठी फ्रान्सच्या शिक्षणखात्याने १९०४ मध्ये एक समिती नेमली. तिच्यातील आल्फ्रेड बिने या मानसशास्त्रज्ञाने आपला सहकारी थिओडोर सिमाँ याच्यासह १९०५ मध्ये तीस कसोट्यांची एक मालिका तयार केली. हेतू मुलाला मदत करण्याचा होता, त्याच्या कपाळावर आकडा गोंदण्याचा नव्हता. १९०९ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात बिनेने, बुद्धी म्हणजे जन्मतः मिळालेला आणि वाढवता न येणारा साठा आहे असे मानणाऱ्यांचा कडक शब्दांत निषेध केला आहे. बुद्धीला व्यायाम देता येतो असे त्याचे मत होते, आणि त्यासाठी तो मुलांना जे व्यायाम देई त्यांत एक होता पुतळ्याचा. खूण मिळताच मुलांनी आहेत तसे गोठून उभे राहावयाचे. आपल्या गल्लीबोळांत पोरे ‘स्टॅच्यू’ म्हणून जो खेळ खेळतात, तोच हा. श्रोत्यांनी हा पुतळा ध्यानात ठेवावा. पुढे त्याच्याशी काम पडणार आहे.

बिने १९११ मध्ये वारला आणि फूटपट्टी दुसऱ्यांच्या हाती गेली. जर्मनीत स्टर्नने १९१२ मध्ये मनाचे वय भागिले शरीराचे वय असा भागाकार सुचविला. अमेरिकेत टर्मनने १९१६ मध्ये त्याला शंभराने गुणले आणि ‘बुद्ध्यंक’ जन्मास आला. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने सुमारे १७ लाख सैनिकांना अशा परीक्षेस बसविले. त्यातला एक प्रश्न क्रीडाशौकिनांनी अवश्य ऐकावा. एका माणसाचे नाव देऊन, तो लेखक आहे, चित्रकार आहे, बेसबॉलचा खेळाडू आहे की विनोदी नट, असे विचारले होते. निरक्षरांसाठी केलेल्या चित्रांच्या परीक्षेत टेनिसच्या मैदानाचे चित्र होते आणि त्यात जाळे काढावयाचे राहिले आहे हे ओळखावयाचे होते. इटलीतून किंवा पोलंडातून आलेल्या ज्या शेतकऱ्याने टेनिस जन्मात पाहिले नाही, त्याचा येथे एक गुण गेला आणि अशा गेलेल्या गुणांची बेरीज करून त्याची बुद्धी कमी ठरली. सातारच्या एखाद्या मेंढपाळाला शेअरबाजाराचे चित्र दाखवावे आणि त्यात काय चुकले ते विचारावे, त्यातलाच प्रकार.

आपल्याकडेही ही विद्या आली. लाहोरला सी. एच. राइस यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात हिंदुस्थानी मुलांसाठी बिनेच्या कसोट्या बेतल्या. आपल्या अगदी जवळ, मुंबई इलाख्याच्या कन्नड मुलखात, व्ही. व्ही. कामत यांनी कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी त्या कसोट्यांची नवी आवृत्ती केली. तिचा वृत्तांत १९३४ मध्ये इंग्लंडच्या शास्त्रीय मासिकात छापून आला आणि १९४० मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. कामतांचे मोल मला मोठे वाटते. परक्या मुलांसाठी केलेले प्रश्न जसेच्या तसे आपल्या मुलांपुढे ठेवता येत नाहीत, एवढे त्यांनी कामाने दाखवून दिले. प्रश्न बदलला तर हुशार कोण हेही बदलू शकते, ही गोष्ट त्यातून आपोआप निघते. पण तेवढे पुढे जाण्याची त्या काळात कोणाची तयारी नव्हती.

वस्तुतः कोल्हापुरात हा वाद बिनेच्याही आधीचा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांतील निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला, तेव्हा त्याविरुद्धचा मुख्य मुद्दा काय होता? की या लोकांत लायकी नाही. महाराजांनी त्याला दिलेले उत्तर वादाचे नव्हते, कृतीचे होते. आधी वसतिगृहे, मग जागा, आणि १९१७ मध्ये सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण. संधी दिल्यावाचून लायकी मोजू नये, हा त्याचा मथितार्थ. आणि ज्या राजाने शाळा सक्तीची केली, त्यानेच खासबागेचे कुस्तीचे मैदानही बांधले. त्याच्या मनात डोके आणि दंड यांची वाटणी झालेली नव्हती.

वाटणी इतरत्र मात्र पक्की होती. खेळाच्या इतिहासात तिचे नाव ‘कप्तानपद’ असे आहे. पळवणकर बाळू हे धारवाडात १८७६ मध्ये जन्मलेले, चर्मकार समाजातील गोलंदाज. पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात मैदान राखण्याच्या नोकरीवर असताना ते साहेबांना चेंडू टाकीत. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. हिंदूंच्या संघाला त्यांचा हात हवा होता, डोके नको होते. कप्तानपदाचा विषय निघाला की प्रत्येक वेळी दुसरा कोणी सापडे. त्यांचे बंधू विठ्ठल हे १९२३ मध्ये हिंदूंचे कप्तान झाले, तेही बऱ्याच झगड्यानंतर. फलंदाजाच्या मनातले ओळखून पुढचा चेंडू ठरविणाऱ्या माणसाला ‘बुद्धीचे काम’ जमणार नाही असे म्हणणारे लोक रोज त्याच्याच बुद्धीवर सामने जिंकत होते.

आता फुटबॉल. संस्थानी काळात हा खेळ आपल्याकडे आला, छत्रपती घराण्याने त्याला आश्रय दिला, आणि विशेष म्हणजे तालमींनी तो आपलासा केला. हे दुसरीकडे फारसे घडलेले नाही. कोलकात्यात, गोव्यात, मुंबईत क्लब झाले. कोल्हापुरात मात्र जो आखाडा कुस्तीचा, त्याच्याच नावाचा फुटबॉलचा संघ. त्यामुळे एक जुना संस्कार या खेळात आपोआप उतरला. कुस्तीत नुसत्या ताकदीला आपल्याकडे कधीच मान नव्हता. ‘रेडा आहे नुसता, डाव नाही’ असे म्हणून वस्ताद धिप्पाड पठ्ठ्यालाही निकालात काढीत. समोरच्याचा पाय हलण्यापूर्वी त्याच्या खांद्यावरून डाव ओळखावयाचा, आणि ओळखला आहे हे त्याला कळू द्यावयाचे नाही, याला तालमीत अक्कल म्हणत. ही अक्कल खरोखरच गुडघ्यात, मनगटात आणि पाठीत असते. तालमीच्या भाषेत तो अपमान नव्हता.

जगाच्या मैदानावर मात्र १९५८ साली एक मोठीच गंमत झाली. ब्राझीलचा संघ जागतिक स्पर्धेसाठी स्वीडनला निघाला, तेव्हा त्यांच्याबरोबर जुआंव कार्व्हाल्यायस या नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. खेळाच्या संघाने बुद्धीचा तज्ज्ञ बरोबर नेण्याची ही फार आरंभीची गोष्ट. त्यांचा आधीचा अनुभव साओ पावलोच्या वाहतूक कंपनीत चालकांची निवड करण्याचा. त्यांनी खेळाडूंच्या परीक्षा घेतल्या, चित्रे काढावयास लावली आणि आपला अभिप्राय दिला. पेले नावाचा सतरा वर्षांचा पोरगा अजून बाळबुद्धीचा आहे, सांघिक खेळाची जबाबदारी त्याला पेलवणार नाही, असा तो अभिप्राय होता. गारिंचा नावाच्या उजव्या बाजूच्या खेळाडूविषयीचे मत याहून वाईट. बसच्या चालकाला लागतात तेवढेही गुण त्याला मिळाले नाहीत, असे त्याच्या चरित्रात नमूद आहे. हा गारिंचा पाऊ ग्रांदे या कापडगिरणीच्या गावचा. चौदाव्या वर्षी गिरणीत कामाला लागलेला, एक पाय आतल्या बाजूला आणि दुसरा बाहेरच्या बाजूला वाकलेला. आमच्या युनियनचा सभासद शोभावा असा माणूस!

प्रशिक्षक व्हिसेंते फेओला यांनी तज्ज्ञांचे म्हणणे ऐकून घेतले आणि बाजूला ठेवले. पेलेच्या बाबतीत त्यांना चिंता होती ती डोक्याची नव्हे, गुडघ्याची, कारण तो दुखावला होता. पहिले दोन सामने हे दोघेही बाहेर होते. इंग्लंडशी तर बरोबरी झाली, एकही गोल पडला नाही. १५ जून रोजी सोव्हिएत रशियाविरुद्ध दोघांना एकदम उतरविले आणि ब्राझील २–० ने जिंकला. पुढे वेल्सविरुद्धचा एकमेव गोल पेलेचा, फ्रान्सविरुद्ध तीन पेलेचे, आणि २९ जूनच्या अंतिम सामन्यात स्वीडनवर ५–२ असा विजय, त्यातही दोन पेलेचे. त्याच अंतिम सामन्यात गारिंचाने उजवीकडून दोनदा चेंडू नेऊन वावाला जवळजवळ सारखेच दोन गोल करून दिले. एकदा फसलेला बचाव दुसऱ्यांदा त्याच जागी, त्याच युक्तीने फसला. कोणाची बुद्धी कमी म्हणावयाची?

कार्व्हाल्यायस यांची थट्टा करणे सोपे आहे, आणि पुष्कळांनी ती केली आहे. मला ती पुरेशी वाटत नाही. ते अडाणी नव्हते, दुष्ट तर मुळीच नव्हते. बस चालविणाऱ्याची परीक्षा त्यांनी फुटबॉलपटूला लावली. तीच चूक माझ्या मोल्डरांच्या बाबतीत झाली. चूक मोजण्यात नाही, काय मोजतो आहोत हे न पाहण्यात आहे. आणि पुढच्या साठ वर्षांत जे संशोधन झाले ते नेमके या दिशेने गेले आहे.

त्याची सुरुवात बुद्धिबळाच्या पटावर झाली. हॉलंडचा बुद्धिबळपटू व मानसशास्त्रज्ञ द ग्रोट याने १९४६ मध्ये दाखविले, की पट काही सेकंदच दाखवून झाकला तरी उस्ताद खेळाडू जवळजवळ सगळ्या सोंगट्या जागच्या जागी पुन्हा मांडतो. नवशिक्याला चार-सहाच आठवतात. मग उस्तादाची स्मरणशक्ती दांडगी म्हणावी काय? अमेरिकेत चेस आणि सायमन यांनी १९७३ मध्ये याचा छडा लावला. सोंगट्या खेळातल्याप्रमाणे न मांडता वाटेल तशा विखरून ठेवल्या, तर उस्ताद आणि नवशिका जवळपास सारखेच! उस्तादाला सोंगट्या दिसतच नाहीत, त्याला मोर्चे दिसतात. तो जे पाहतो त्याला अर्थ असतो, म्हणून ते लक्षात राहते.

फुटबॉलमध्ये हेच आढळले. इंग्लंडमध्ये मार्क विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मुरलेल्या आणि कच्च्या खेळाडूंना मोठ्या पडद्यावर खेळाचे चित्रपट दाखवून त्यांची नजर कोठे जाते ते यंत्राने टिपले. कच्चा खेळाडू चेंडूकडे आणि चेंडू ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे पाहत राहतो. मुरलेला खेळाडू चेंडू नसलेल्या माणसांकडे पाहतो, आणि चेंडू कोठे जाणार हे लवकर सांगतो. नॉर्वेच्या गाइर योर्डेत यांनी पुढे इंग्लिश लीगमधील ११८ खेळाडूंच्या चित्रफिती तपासल्या. चेंडू पायाशी येण्यापूर्वी मान वळवून आजूबाजूला जास्त वेळा पाहणारे खेळाडू पुढचे पास जास्त अचूक देतात, असे त्यांना दिसले. म्हणजे बुद्धी गुडघ्यात नसेल, तर निदान मानेत तरी आहे! उद्या स्टेडियमवर जाल तेव्हा चेंडू सोडून एकाच मधल्या खेळाडूच्या मानेकडे दहा मिनिटे पाहा. सामना निराळाच दिसू लागेल.

आता बिनेच्या पुतळ्याकडे येऊ. हॉलंडमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८ ते १६ वर्षांच्या मुलांची तुलना केली होती. एका बाजूला मोठ्या क्लबांनी निवडलेली गुणी मुले, दुसऱ्या बाजूला हौशी. कसोटी अशी, की हात हलविण्याची क्रिया सुरू झाल्यावर अचानक खूण येते आणि ती थांबवावयाची असते. गुणी मुले लवकर थांबली. मारावयास उचललेला पाय ऐन क्षणी आवरून चेंडू शेजाऱ्याला देणे, हे दुसरे काय आहे? मैदानावरचा मोठेपणा पुष्कळदा न मारलेल्या फटक्यात असतो.

सर्वांत गाजलेले काम स्वीडनमधील व्हेस्टबर्ग, पेट्रोविच आणि मंडळींचे. २०१२ मध्ये त्यांनी ५७ खेळाडूंना काही कसोट्या दिल्या. त्यातली एक ऐकण्यासारखी आहे. चौकटीत काही ठिपके असतात. चार रेषांनी ते जोडून दर खेपेस नवी आकृती काढावयाची, जुनी पुन्हा आली तर बाद, वेळ एक मिनिट. वरच्या श्रेणीचे खेळाडू खालच्या श्रेणीच्या खेळाडूंहून सरस ठरलेच, पण ज्यांच्या आकृत्या जास्त त्यांचे पुढच्या हंगामांतील गोल आणि गोलला दिलेले पासही जास्त, असा संबंध आढळला. २०१७ मध्ये त्यांनी १२ ते १९ वर्षांचे ३० निवडक खेळाडू घेतले. तेथे मनात चार गोष्टी एकदम धरून ठेवण्याची शक्ती आणि गोलांची संख्या यांचा संबंध दिसला. आणि सर्वसाधारण बुद्धिमत्ता, उंची व वय यांचा हिशेब वजा केल्यावरही तो टिकला. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. शाळेतल्या बुद्ध्यंकाने जे कळत नाही, असे काहीतरी त्या पोरांच्या डोक्यात चाललेले असते आणि ते खेळात उतरते.

येथे टाळ्या वाजविण्यापूर्वी थोडे थांबावे लागेल, स्टॅच्यूसारखे. तीस पोरे म्हणजे जेमतेम दोन संघ आणि बदली खेळाडू. दोन गोष्टी बरोबर चालताना दिसल्या म्हणून पहिलीमुळे दुसरी झाली असे होत नाही. बुद्धी तल्लख म्हणून खेळ चांगला, की वर्षानुवर्षे खेळल्याने बुद्धी त्या बाजूने तल्लख झाली, हे या आकड्यांतून निघत नाही. २०२१ मध्ये १४२ अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. त्यात असे दिसले, की कसलेल्या आणि कच्च्या खेळाडूंतला फरक त्यांच्या स्वतःच्या खेळातल्या निर्णयांची परीक्षा घेतली तर मोठा दिसतो, कागदावरच्या सामान्य परीक्षेत बराच लहान. पुन्हा बुद्धिबळाचाच धडा. शिवाय मुलांच्या बाबतीत एक साधी लबाडी काळ करतो. वयाची मोजणी १ जानेवारीपासून धरली, की जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरमध्ये जन्मलेल्यापेक्षा जवळजवळ एक वर्षाने मोठा असतो आणि दोघे एकाच गटात खेळतात. युरोपातल्या निवडक बालसंघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेली मुले जास्त का भरतात, हे त्यामुळेच. ‘हुशार पोरगं आहे’ असे आपण ज्याला म्हणतो, ते कधी कधी नुसते अकरा महिन्यांनी मोठे असते.

एवढ्या कच्च्या पायावर दुकाने मात्र उभी राहिली आहेत. मोबाइलवर ठिपके जोडा आणि मुलाला मेस्सी करा, अशा जाहिराती पालकांपर्यंत पोहोचल्या आहेत. ठिपके जोडून माणूस ठिपके जोडण्यात पटाईत होतो, यापलीकडे भक्कम पुरावा कोणी दिलेला नाही. उलट दिशेचा पुरावा अधिक चांगला आहे. अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ७ ते ९ वर्षांच्या २२१ मुलांपैकी निम्म्यांना शाळा सुटल्यावर नऊ महिने धावपळीचे खेळ दिले; त्या मुलांचे लक्ष एकाग्र करण्याचे आणि मन आवरण्याचे सामर्थ्य इतरांपेक्षा अधिक वाढले. गणिताच्या तासासाठी खेळाचा तास कापणाऱ्या मुख्याध्यापकांनी हे वाचावे.

महाराष्ट्रात या साऱ्या इतिहासाची गंमत दोन नावांत साठलेली आहे. पुण्यात १९६२ मध्ये अप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी काढली. तेथे मुले निवडावयाची ती बुद्धिमापनाच्या कसोट्यांनी. शासनाने १९९६ मध्ये क्रीडा प्रबोधिनी काढली. तेथे मुले निवडावयाची ती उंची, उडी, धाव आणि मेडिसिन बॉलची फेक मोजून. दोन्ही संस्थांनी चांगले काम केले आहे, त्यांना बोल लावण्याचा माझा हेतू नाही. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव क्रीडा प्रबोधिनीतूनच पुढे आला आणि २०१७ मध्ये १७ वर्षांखालील जागतिक स्पर्धेत भारताकडून खेळला. फुटबॉलच्या कोणत्याही जागतिक स्पर्धेत भारताचा संघ उतरण्याची ती पहिलीच वेळ. पण या दोन याद्या शेजारी ठेवून पाहा. एकीत पाय नाहीत आणि दुसरीत डोके नाही. उडी मोजली, धाव मोजली. मान किती वेळा वळते हे कोणी मोजले नाही. ते मोजण्यास यंत्रही लागत नाही. एक जाणता माणूस, एक वही आणि चार पोरांचा चार पोरांशी सामना एवढे पुरे. जुना वस्ताद हेच करीत असे, वहीसुद्धा न घेता.

आणि आता थोडे आपल्याच घरातले. मैदानावर पोराच्या अकलेचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे रेषेबाहेर उभा राहून ओरडणारा मोठा माणूस. ‘पास दे, मार, मागं ये, अरे मार की!’ दर सेकंदाला हुकूम. ज्या पोराच्या वतीने दुसराच विचार करतो, त्याने मान कशाला वळवावी? कारखान्यात असा मुकादम असला तर कामगार बिघडलेल्या यंत्रापुढेही हुकमाची वाट पाहत उभा राहतो. मी पाहिलेले आहे. प्रेक्षागारातून बाटल्या फेकणाऱ्यांच्या अकलेविषयी बोलावयाचे तर स्वतंत्र व्याख्यान लागेल. पोलिसांना ती नेमकी कोठे असते हे ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. पोराची मैदानावरची बुद्धी खरी, हे मान्य झाले की आपण लगेच म्हणतो, मग दहावी नापास झाला तर बिघडले कोठे? मी कामगारांचा माणूस म्हणून सांगतो, बिघडते. जी बुद्धी पटावरच्या मोर्च्यांसारखी खेळाशी बांधलेली असते, ती कंत्राटाचा कागद वाचावयास आपोआप उपयोगी पडत नाही. गिरण्या, पोलीस, एस.टी., रेल्वे यांनी एकेकाळी खेळाडूला नोकऱ्या दिल्या. आज कायमची नोकरी तर खेळ न खेळणाऱ्यालाही मिळत नाही. पंचविशीत गुडघा गेला की कालचा हिरो कंत्राटदाराच्या रांगेत उभा असतो, आणि त्याच्या हाती दाखला नसेल तर त्याने भर मैदानात अकरा जणांची हालचाल कशी वाचली होती हे कोणी विचारीत नाही. अशी पोरे माझ्याकडे येतात. त्यांचे डोके मी जाणतो. म्हणूनच त्यांची ‘खेळाडू आहे, अभ्यास काय करणार’ अशी समजूत कोणी आणि कधी करून दिली, हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही. बहुतेक वेळा उत्तर एकच असते. शाळेने आणि पेठेने, दोघांनी मिळून.

हा विचार चालू असताना एक साधी अडचण माझ्या लक्षात आली. मुंबईत आणि कोलकात्यात मैदानी फुटबॉल पावसाळ्यात रंगत आला. आपला हंगाम हिवाळ्यात सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे दहावी-बारावीच्या ऐन परीक्षेत, तो भरात असतो. सोळा-सतरा वर्षांचा जो मुलगा वरच्या संघात घेण्याइतका तरबेज झालेला असतो, त्यालाच नेमकी त्या महिन्यांत निवड करावी लागते, आणि आठ हजार माणसे ज्याचे नाव घेऊन ओरडतात त्याने घरी बसून भूमिती करावी ही अपेक्षा मोठ्या माणसाकडूनही करता येणार नाही. स्पर्धांची वेळापत्रके आकाशातून पडत नाहीत. ती आखणारी माणसे याच गावची आहेत, त्यांतली काही या सभागृहातही असतील. पुढच्या हंगामाचा कागद तयार होण्यापूर्वी परीक्षामंडळाच्या तारखा घेऊन त्यांच्याकडे दोन-चार जण गेले, तर ते नाही म्हणतील असे मला वाटत नाही.